आयनझोत आणि प्लास्टिकचे पृष्ठ
घनपदार्थावर आयनांचा मारा केला असता त्यातून दुय्यम आयन बाहेर पडतात, हे जे. जे. टॉमसन यांनी १९१० साली नोंदविले. परंतु प्लास्टिकच्या पटलाचे परीक्षण या मार्गाने करू जाता, ज्या रेणूंची ओळख पटवावयाची तेच झोताखाली मोडून पडत. १९७० च्या सुमारास जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आल्फ्रेड बेनिंगहोवेन यांनी झोत अत्यंत क्षीण केला. पृष्ठावरील शंभर अणूंमागे फार तर एक आयन पडावा, अशी या पद्धतीची मर्यादा ठरली. १९८० च्या दशकात प्लास्टिकच्या अभ्यासात हीच शिस्त फलदायी झाली. पॉलिस्टायरीनच्या पटलातून ९१ वस्तुमानांकाचा आयन निघतो. भग्न शिलालेखातील अक्षरांवरून शब्द ओळखावा, त्याप्रमाणे त्यावरून रेणुसाखळी ओळखता येते. परीक्षकाने हात आवरला तेव्हाच पृष्ठ वाचता आले, हे या इतिहासाचे सार होय.