पाषाण रोड ते अंटार्क्टिका

साहसी प्रवास म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पाठीवर सॅक, गळ्यात कॅमेरा आणि सोमवारी ऑफिसात सांगायला एखादा थरारक किस्सा. आमच्या टीममधले दोघं बाइकवर लडाखला जाऊन आले, एकाने किलिमांजारो केलं. आणि पैसे असतील तर हल्ली अर्जेंटिनातल्या उशुआयाहून बोटीत बसून अंटार्क्टिकाही 'करून' येता येतं. मजा आहे, नाही कोण म्हणतंय? पण एक मराठी बाई १९८३ सालीच तिथे जाऊन आल्या होत्या, आणि त्यांना तिथे काम होतं.

त्यांचं नाव अदिती पंत. जन्म १९४३ चा, नागपूरचा. घराणं औंधचं. (आपलं परिहार चौकवालं औंध नाही बरं का, साताऱ्याकडचं संस्थान!) सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे आजोबा. त्यांनी १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार दिला. वडील अप्पासाहेब पंत परराष्ट्र खात्यात, पूर्व आफ्रिकेपासून सिक्कीमपर्यंत नेमणुका झालेले. म्हणजे घरातून जगाचं दार थोडं उघडं होतं, हे मान्य करायला हवं. पण त्या दारातून समुद्राकडे जायला घरातल्या कुणी सांगितलं नव्हतं.

ते काम एका पुस्तकाने केलं. पुणे विद्यापीठातून बीएस्सी करणाऱ्या या मुलीच्या हाती अॅलिस्टर हार्डी यांचं 'द ओपन सी' आलं. हे हार्डी १९२५ ते २७ दरम्यान 'डिस्कव्हरी' जहाजावर प्राणिशास्त्रज्ञ म्हणून दक्षिण महासागरात गेले होते. देवमासे काय खातात, ते जे खातात ते कशावर जगतं, हा त्यांचा शोध. पंत मग हवाईला एमएस आणि लंडनला पीएचडी करून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. विषय तोच: समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती.

आता थोडं राजकारण. अंटार्क्टिक करार १९५९ चा, १२ देशांनी केलेला. भारत त्यात नव्हता. आणि या करारात मताचा हक्क हवा तर तिथे भरीव संशोधन करून दाखवावं लागतं. भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली, मग दुसरी झाली, आणि १२ सप्टेंबर १९८३ ला आपल्याला मताचा हक्क मिळाला. त्यानंतर तीनच महिन्यांत हर्ष गुप्तांच्या नेतृत्वाखाली तिसरी मोहीम निघाली. तिच्यात पंत होत्या आणि जादवपूरच्या भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारताच्या मोहिमेतून अंटार्क्टिकावर पोचलेल्या या पहिल्या दोन महिला. अमेरिकेनेसुद्धा आपल्या महिला संशोधकांना तिथे पाठवायला १९६९ उजाडू दिलं होतं!

सेनगुप्ता गिर्यारोहक, तेनसिंगांकडे शिकलेल्या. पंतांचं साहस वेगळं. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, पाण्यात क्षारांची कमी नाही, त्यामुळे सूक्ष्म वनस्पती फोफावतात. त्यांच्यावर क्रिल जगतं, आणि क्रिलवर पेंग्विन, सील, देवमासे. या साखळीची पहिली कडी किती अन्न तयार करते, हा पंतांचा अभ्यासविषय. यात फोटो काढण्यासारखं काही नाही. थंडीत पाण्याचे नमुने घ्यायचे, मोजायचे, लिहून ठेवायचं. परत तेच.

त्याच उन्हाळ्यात 'दक्षिण गंगोत्री' हे आपलं पहिलं कायम केंद्र उभं राहिलं. ते बर्फाच्या थरावर होतं. पुढे हळूहळू गाडलं गेलं आणि १९९० च्या सुमारास सोडून द्यावं लागलं. इमारत गेली. नोंदी मात्र राहिल्या, त्यांच्यावर पुढच्यांनी काम केलं.

पंत पाचव्या मोहिमेतही गेल्या. नंतर पुण्याला एनसीएलमध्ये येऊन मीठ सहन करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम करत राहिल्या.

मला वाटतं, दूर जाणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही; सुट्टी आणि ईएमआय जमला की झालं. अवघड आहे ते एखादा प्रश्न घेऊन जाणं. असो. पाषाण रोडला एनसीएलपाशी सिग्नलला अडकलात तर आत बघा एकदा. अंटार्क्टिकाहून परतलेली एक बाई त्या गेटमधून रोज कामाला जायची.