भुलाबाईची पुनव आणि ग्रहणाची भीती

आपल्या वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेला भुलाबाई बसते, ती कोजागिरीपर्यंत. २०२५ साली ही पुनव ७ सप्टेंबरला आली आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण लागलं. ज्या चांदण्यात पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, त्याच चंद्राला ग्रहण लागलं की गर्भार सुनेला घरात कोंडतात. विळी धरू नको, जेवू नको, पाणी पिऊ नको. नाहीतर लेकराचा ओठ फाटेल.

ग्रहणात राहू चंद्राला गिळतो, अशी जुनी कथा आहे. पण आर्यभटानं इसवी सन ४९९च्या सुमारास ‘आर्यभटीय’ ग्रंथात सांगून ठेवलं, की पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. सूर्य आणि चंद्र यांच्या मधोमध पृथ्वी येते ती पुनवेलाच, म्हणून चंद्रग्रहणही पुनवेलाच. दीड हजार वर्षं झाली, तरी भीती गेली नाही.

बाळाचा ओठ पोटात पहिल्या दोन महिन्यांतच जुळतो. तो न जुळण्यात आनुवंशिकता, तंबाखू, फॉलिक ॲसिडची कमतरता यांचा वाटा असतो, विळीचा नाही. आशाताई देते ती गोळी घ्यायची. उपाशी-तहानेली राहिली, तर गर्भारणीला भोवळ मात्र येते.

आपल्याच जिल्ह्यातल्या शेणगावच्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनातून नवस आणि पशुबळीवर लोकांना उलट प्रश्न विचारले. आपणही विचारू. पुढच्या ग्रहणाला सासूनं सुनेला वेळेवर जेवू घालावं, मग दोघींनी अंगणात येऊन चंद्र पाहावा. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहायला काही धोका नाही.