चवदार तळे आणि पाणवठ्यावरची स्त्री

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत आजव्याचे तळे बांधले गेले आणि बडोदे शहरात नळाचे पाणी आले. पुढे 1906 साली संस्थानभर मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली भीमराव आंबेडकर अमेरिकेस गेले. पाणी आणि शिक्षण या दोन्ही प्रश्नांची सांगड त्यांनी पुढे कोकणात महाड येथे घातली. बडोदेकर वाचकांनी ती हकीकत म्हणूनच आपुलकीने वाचावी.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 साली मुंबई कायदेमंडळाने संमत केला. महाड नगरपालिकेनेही 1924 साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. ठराव झाला, पण तळ्याच्या पायऱ्या उतरण्याची सोय झाली नाही. 19 मार्च 1927 रोजी तेथे परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांसह सारा समुदाय तळ्यावर गेला आणि पाणी प्याला. त्यानंतर मारहाण झाली, आणि पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही झाले.

या इतिहासात एक गोष्ट सहसा नजरेआड राहते. घरात पाणी भरणे हे काम बाईचेच मानले गेले. त्यामुळे पाणवठ्याच्या बंदीचा नित्याचा जाच पहिल्याने तिच्याच वाट्याला आला. कुणी वरून पाणी घालील म्हणून रिकामी घागर घेऊन ताटकळत उभी राहणारी तीच. तिचा सारा दिवस पाण्यापाठी गेला, तर शाळेचा विचार तिने कधी करावा?

डिसेंबर 1927 मध्ये महाडास दुसरी परिषद भरली. 25 तारखेस मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा वाद न्यायालयात असल्याने प्रत्यक्ष सत्याग्रह मात्र तहकूब करण्यात आला. त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची रीत व तसे दागिने टाका, मुलींना शिक्षण द्या, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी ते मनावर घेतले आणि लुगडे नेसण्याची रीत बदलली. पाण्याचा हक्क आणि स्त्रीचा स्वाभिमान हे दोन प्रश्न वेगळे नव्हेत, हे त्या सभेने दाखवून दिले.

तळ्याचा अंतिम निकाल 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने दिला. पाण्याच्या एका ओंजळीसाठी दहा वर्षे लागली. आजही ज्या वस्तीत नळ नाही, तेथे हंडा बहुधा बाईच्या वा मुलीच्याच डोक्यावर असतो. महाडचे स्मरण करताना मार्चमधील ती ओंजळ आपण आठवतो. डिसेंबरमधील स्त्रियांची ती सभाही तितक्याच आदराने आठवली पाहिजे.