नादातून साकारलेली रूपे

एक साधे वर्तुळ घ्यावे. त्याला डोळे नाहीत, मुख नाही, नाव नाही. अशा अमूर्त आकृतीला पडद्यावर पात्र म्हणून उभे करावयाचे, तर तिला स्वभाव आणावा कोठून? ॲनिमेशनच्या इतिहासात या प्रश्नाचे एक ठळक उत्तर सापडते : संगीतातून.

ऑस्कर फिशिंगर या जर्मन कलावंताने १९३८ साली हॉलिवूडमध्ये लिस्टच्या दुसऱ्या हंगेरियन ऱ्हॅप्सडीवर कागदी वर्तुळे तारांना टांगून नाचविली. पुढे डिस्नेच्या 'फँटेशिया' (१९४०) या चित्रपटातील बाखच्या संगीताच्या भागासाठी त्याने आकृत्या रचल्या. परंतु त्या ओळखीच्या वस्तूंसारख्या करण्यात येऊ लागल्या, तेव्हा तो ते काम सोडून गेला.

नादाला रूप देण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनच्या चित्रकारांनी रागमालेत रागरागिण्यांना नायक-नायिकांची रूपे दिली. आमच्या खानदेशातही, साक्रीच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात, भोवाड्याची परंपरा आहे. मुखवट्याचा चेहरा बदलत नाही. सोंगाचा स्वभाव प्रकटतो तो वाद्याच्या ठेक्यावर पडणाऱ्या पावलांतून. चेहरा नसलेले वर्तुळ आणि चेहरा न बदलणारा मुखवटा, दोघांनाही प्राण देते ती लयच.

मग संगीत निवडावे कसे? जेथे बोध द्यावयाचा, तेथे शब्द हवेतच. विजया मुळे यांच्या 'एक अनेक और एकता' (१९७४) या लघुपटात वसंत देसाई यांच्या संगीतातील गाण्याने ते काम चोख बजावले. परंतु अमूर्त आकृतीसाठी शब्द अडचणीचे ठरतात. चित्र शब्दांच्या मागे फरफटत जाते. चित्रपटगीत घेतले, तर नटाचा चेहराही त्यासोबत येतो. म्हणून शब्दाविण वाद्यसंगीत घ्यावे. ते डोळे मिटून पुनःपुन्हा ऐकावे, कोठे ठोका जड पडतो, कोठे स्वर लांबतो हे टिपावे आणि मगच पेन्सिल उचलावी.

जळगाव-धुळ्याची मुले आज संगणकावर ही कला शिकू शकतात. त्यांनी एकदा तरी भोवाड्याचे ठेके ध्वनिमुद्रित करून त्यांवर आकृत्या रचाव्यात, वादकांची नावेही आदराने नोंदवावीत, असे आम्हांस वाटते. हे ठेके कानांनी ऐकून हातांनी उचलले जातात. ऐकणारे कान उरले नाहीत, तर मुखवटे तेवढे संग्रहालयात राहतील आणि त्यांची चाल मात्र कोणालाही सांगता येणार नाही.