पडद्यावरून लोकसभेंत



आमच्या अंजूर गांवाचें नांव इतिहासांत येतें तें वसईच्या मोहिमेमुळें. येथील गंगाजी नाईक यांनीं कित्येक वर्षें पेशव्यांकडे खटपट केली, तेव्हां कोठें १७३७ सालीं फिरंग्यांविरुद्ध मोहीम उभी राहिली आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला घेतला. त्या घटनेनंतर बरोबर २६५ वर्षांनीं त्याच वसई प्रांतांत दुसरी एक झुंज झाली. ती मतांची होती, आणि तींत जिंकणारा वीर हा बोलपटांत नाचणारा नट होता. त्या झुंजीचा इतिहास आज मीं आपल्यापुढें मांडणार आहें.

नर्तक नटानें राजकारणांत शिरावें हें कांहीं केवळ आपल्याकडेच घडलें असें नाहीं. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’नें घरोघरीं पोंचलेले बंगालचे मिथुन चक्रवर्ती २०१४ सालीं तृणमूल काँग्रेसतर्फे राज्यसभेंत गेले, २०१६ सालीं त्यांनीं जागा सोडली आणि २०२१ सालीं ते भारतीय जनता पक्षांत आले. परंतु राज्यसभेची वाट आमदारांच्या मतांतून जाते. लोकसभेची वाट मात्र सामान्य मतदाराच्या दारावरून जाते. ती वाट चालून गेले ते विरारचे गोविंदा.

गोविंदा यांचा जन्म १९६३ चा. वडील अरुणकुमार आहुजा हे जुन्या बोलपटांतील नट. मेहबूब खान यांच्या १९४० च्या ‘औरत’मध्यें त्यांनीं काम केलें होतें. आई निर्मलादेवी ठुमरी गाणाऱ्या नामांकित गायिका. पुढें चित्रपटनिर्मितींत खोट आली, वांद्र्याचें बिऱ्हाड मोडलें आणि कुटुंब विरारला आलें. त्या गांवांतून आगगाडीनें मुंबईस खेपा घालीत या तरुणानें काम मिळविलें. १९८६ सालीं पहिला चित्रपट पडद्यावर आला, आणि ‘आँखें’, ‘राजा बाबू’, ‘कुली नं. १’ इत्यादि चित्रपटांनीं पुढील दशक त्यांचें करून टाकलें.

२००४ सालीं काँग्रेसनें त्यांना उत्तर मुंबईंत उभें केलें. वसई-विरार तेव्हां याच मतदारसंघांत होतें. प्रतिस्पर्धी सामान्य नव्हता. राम नाईक हे १९७८ पासून बोरिवलीचे आमदार, १९८९ पासून लागोपाठ पांच वेळां खासदार आणि त्या वेळीं केंद्रांत पेट्रोलियम मंत्री होते. उपनगरी आगगाडीच्या प्रवाशांचीं गाऱ्हाणीं वेशीवर टांगण्यांत त्यांचें उभें आयुष्य गेलें होतें. अशा मुरलेल्या कार्यकर्त्याचा गोविंदा यांनीं सुमारें ४८ हजार मतांनीं पराभव केला.

पुष्कळ शहाण्यांनीं तेव्हां मतदारांस भुललेले म्हटलें. मला तें पटत नाहीं. ज्या गाडींत आपण रोज लोंबकळतों तिच्यांतूनच गेलेला एक मुलगा मोठा झाला, याचा अभिमान विरारच्या माणसानें मतांतून व्यक्त केला असेल तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र मत हें बक्षीस नव्हे, तें सांगितलेलें काम होय. पुढील पांच वर्षांत सभागृहांतील गैरहजेरीबद्दल आणि मतदारसंघांतील दुर्मिळ दर्शनाबद्दल गोविंदा यांच्यावर सतत टीका झाली. २००९ सालीं ते पुन्हां उभे राहिले नाहींत. २०२४ सालीं त्यांनीं एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेंत प्रवेश केला.

मध्यंतरीं मतदारसंघांची फेरमांडणी झाली आणि वसई पालघरकडे गेली. बदललेल्या त्याच उत्तर मुंबईंत २०१९ सालीं काँग्रेसनें दुसरी नृत्यनिपुण तारका उभी केली. ‘रंगीला’ने १९९५ सालीं कीर्तिशिखरावर पोंचलेल्या ऊर्मिला मातोंडकर या अस्सल मुंबईकर मराठी कन्या, बोलण्यांत तरबेज. तरीही गोपाळ शेट्टी यांच्याकडून त्या सुमारें ४ लाख ६५ हजार मतांनीं हरल्या. एका नर्तकास डोक्यावर घेणाऱ्या मतदारसंघानें दुसरीस परत पाठविलें. प्रसिद्धि म्हणजे विजय हें समीकरण खरें नाहीं, याला यापेक्षां निराळा पुरावा कशाला?

मग नटानें राजकारणाची पायरी चढूंच नये काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. शेजारच्या वायव्य मुंबईंतून सुनील दत्त १९८४ पासून पांच वेळां निवडून आले. पंजाब पेटलेला असतांना १९८७ सालीं ते मुंबईहून अमृतसरपर्यंत पायीं चालत गेले. १९९३ च्या दंगलींच्या वेळीं त्यांनीं खासदारकीचा राजीनामा दिला. २००५ सालीं मृत्यु आला तेव्हां ते केंद्रांत मंत्री होते. लोक त्यांचे चित्रपट विसरले नाहींत; पण त्यांना मत देतांना त्यांनीं ते चित्रपट मोजले नाहींत.

नृत्य करणारास एक गोष्ट सांगावी लागत नाहीं: रंगमंचावरील पांच मिनिटांमागें वर्षांची मेहनत असते, आणि चार दिवस सराव चुकला तर पाय सांगतात. लोकसेवेचेंही तेंच आहे. निवडणूक हा तेथील रंगमंच. सराव करावयाचा तो पाण्याच्या नळापाशीं, आगगाडीच्या फलाटावर आणि सभागृहाच्या बांकावर. गंगाजी नाईकांची खटपट वर्षानुवर्षें चालली, म्हणून वसई मिळाली. मत मागावयास कोणीही येवो, नट असो वा पुढारी, आपण त्यास एवढेंच विचारावें: बाबा रे, उद्यांपासून रोज येशील ना?