बंदरातून निघालेली पदवी



फेब्रुवारी-मार्च आला की सिंगापुरातल्या मराठी घरांमधला गप्पांचा विषय बदलतो. ए लेव्हलचे निकाल लागलेले असतात आणि विद्यापीठांचे अर्ज भरायचे असतात. अशा वेळी मुलगी जाहीर करते, "मला बिझनेस करायचंय, त्यातही इंटरनॅशनल." आणि तुमच्या-आमच्यातल्या पुष्कळांच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की सायन्सला इतके चांगले मार्क असताना कॉमर्स कशाला? आपल्या पिढीची दहावीनंतर जी वर्गवारी झाली, ती अजून डोक्यातून गेलेली नाही. सायन्स पहिल्या रांगेत, कॉमर्स दुसऱ्या.

आज आपण फी, रँकिंग आणि पगार बाजूला ठेवू. ती माहिती तुम्हाला सहज मिळेल. आजचा प्रश्न वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार कॉलेजात शिकवायचा असतो, हे मुळात ठरलं कधी आणि कुणासाठी? याचं उत्तर शोधायला आपल्याला दोन बंदरांत जावं लागेल: सिंगापूर आणि मुंबई.

सुरुवात सिंगापूरपासून करू. १८१९ मध्ये स्टॅमफर्ड रॅफल्स इथं उतरला आणि हे बंदर जकातमुक्त झालं. पुढं पुष्कळ वर्षं इथला कारभार कलकत्त्याहून चालायचा. म्हणजे एका अर्थी सिंगापूर आणि मुंबई एकाच सरकारच्या हाताखाली होती. पण इथल्या बाजारात चाले तो चांदीचा डॉलर. १८५५ मध्ये हिंदुस्थान सरकारनं इथं रुपयाचं चलन पक्कं करायचा घाट घातला, तेव्हा व्यापारी खवळले. त्यांचा व्यवहार चीनशी आणि आसपासच्या बेटांशी, तिथं रुपया घेणार कोण? कलकत्त्याच्या कारभारावर त्यांचा राग होताच, त्यात ही भर पडली. अखेर १ एप्रिल १८६७ रोजी सिंगापूर, पिनांग आणि मलाक्का हिंदुस्थान सरकारपासून वेगळी होऊन थेट लंडनच्या अखत्यारीत गेली.

हे एवढं सांगायचं कारण असं, की चलन कोणतं आणि त्याचा भाव काय, हे ठरवणारी माणसं त्या काळी मोजकीच होती. त्यात इंग्रज पेढ्या होत्या, मोठे चिनी व्यापारी होते आणि कर्ज देणारे चेट्टियार होते. त्यांची विद्या कॉलेजात मिळत नसे. बाप मुलाला शिकवी, मामा भाच्याला, मालक उमेदवाराला. इंग्रजी शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला नोकरी मिळे ती कारकुनाची. बुकिट तिमा रस्त्यावर १९२८ मध्ये रॅफल्स कॉलेज सुरू झालं, तेव्हा तिथं अर्थशास्त्र शिकवू लागले, पण व्यापाराची पदवी नव्हती.

मुंबईतही हेच चित्र होतं. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि मुंबई युरोपला जवळ आली. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक, अशा गोद्या बांधल्या गेल्या. गिरण्या उभ्या राहिल्या, कापूस आणि सूत बाहेर जाऊ लागलं. एतद्देशीय शेटजी पुष्कळ होते, पण परदेशी हुंडणावळ, जहाजाचा विमा, मोठ्या बँकांचा कारभार यांच्या किल्ल्या बहुतेक गोऱ्या साहेबांकडं. आपला शिकलेला मुलगा तिथं जाऊन वह्या लिही.

या पार्श्वभूमीवर १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघालं. आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणून ते ओळखलं जातं. बी.कॉम. ही तीन अक्षरं आपल्याकडं इतकी रुळली आहेत, की एके काळी ती नवलाईची होती हे लक्षातच येत नाही. ज्याच्या बापाची पेढी नाही, त्या मुलालाही बँक, विमा, चलन आणि परदेशी व्यापार शिकता येईल, असा तिचा अर्थ होता.

या कॉलेजात नोव्हेंबर १९१८ मध्ये राजकीय अर्थशास्त्राचे एक नवे प्राध्यापक रुजू झाले. त्यांचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेब तेव्हा २७ वर्षांचे होते आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते. त्यांची व्याख्यानं ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी येत. आणि त्याच कॉलेजात, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी त्यांनी पिऊ नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. हे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवलं आहे. व्यापाराची विद्या सर्वांना खुली झाली असं आत्ताच म्हटलं ना? ती किती खुली झाली होती, ते या एका प्रसंगावरून कळतं.

मार्च १९२० मध्ये बाबासाहेबांनी ती नोकरी सोडली. पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, अशा जमवाजमवीवर ते लंडनला गेले. तिथं त्यांनी प्रबंध लिहिला तो रुपयाच्या प्रश्नावर. १९२३ मध्ये तो 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावानं पुस्तकरूपात आला.

त्यातला एक मुद्दा आजच्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. सोप्या उदाहरणानं पाहू. समजा, एका पौंडाला १५ रुपये मिळत होते. रुपया घसरला आणि आता २० मिळू लागले. मुंबईचा निर्यातदार लंडनला माल विकतो, त्याला पौंड तेवढेच मिळतात, पण हातात रुपये जास्त पडतात. तो खूश. मजुरी मात्र तो रुपयांतच देतो आणि ती लगेच वाढत नाही. बाजारातले भाव चढतात, मजुराच्या त्याच पगारात कमी धान्य येतं. बाबासाहेबांचं म्हणणं होतं, की हा नफा बाहेरून देशात आलेला नसतो. देशातल्याच एका वर्गाच्या वाट्यातून तो दुसऱ्या वर्गाकडं गेलेला असतो. रुपयाचा भाव काय, एवढंच विचारून ते थांबले नाहीत. त्या भावाची किंमत कोण मोजतो, हेही त्यांनी विचारलं.

आता पुन्हा सिंगापूरला येऊ. १९५३ मध्ये इथले रबराचे मोठे व्यापारी तान लार्क साय यांनी चिनी भाषेतल्या विद्यापीठाची कल्पना मांडली. स्वतः पन्नास लाख डॉलर देऊ केले. होक्कियन समाजाच्या संस्थेनं जुरोंगची जमीन दिली. नुसत्या श्रीमंतांनीच नव्हे, तर तीनचाकी सायकलरिक्षा ओढणाऱ्यांनीही आपली दिवसाची कमाई या कामाला दिली. १९५६ मध्ये नान्यांग विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले, तेव्हा तिथं तीन शाखा होत्या: कला, विज्ञान आणि वाणिज्य. व्यापारावर जगणाऱ्या समाजाला वाणिज्य शाखा पहिल्या दिवसापासून हवी होती.

पण पुढं काय झालं? पदवीधर बाहेर पडले आणि त्यांच्या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. ती मिळायला १९६८ उजाडलं. राजकारणही आड आलं. १९६३ च्या निवडणुकीनंतर तान लार्क साय यांचं नागरिकत्व काढून घेण्याची कारवाई सुरू झाली. म्हणजे विद्या आहे, पण भाषा आणि शिक्का चुकीचा, अशी त्या मुलांची गत झाली. मुंबईत जात आडवी आली, इथं भाषा आणि राजकारण.

दरम्यान इकडं दुसरी हालचाल सुरू होती. रॅफल्स कॉलेजचा विद्यार्थी गोह केंग स्वी १९५९ मध्ये अर्थमंत्री झाला होता. १९६१ मध्ये आर्थिक विकास मंडळ स्थापन झालं, जुरोंगमध्ये कारखान्यांसाठी जमीन तयार होऊ लागली. ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर मलेशियापासून वेगळं झालं आणि मागची बाजारपेठच तुटली. त्याच वर्षी सिंगापूर विद्यापीठात व्यवसाय प्रशासनाचा विभाग सुरू झाला. आजच्या एनयूएस बिझनेस स्कूलचं मूळ ते. पुढं ब्रिटिश फौजा जाणार हे ठरलं आणि त्यांच्या तळांवरच्या हजारो नोकऱ्या धोक्यात आल्या. परदेशी कंपन्या आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्या कंपन्यांना कामगार हवेत, तसे करार वाचणारे, हिशोब पाहणारे, निर्णय घेणारे स्थानिक लोकही हवेत. जून १९७२ मध्ये तांजोंग पागारला पहिलं कंटेनर जहाज लागलं, आणि गोदीतल्या कामाचं स्वरूपच बदललं.

१९८० मध्ये सिंगापूर विद्यापीठ आणि नान्यांग विद्यापीठ एकत्र करून एनयूएस झालं. नान्यांगच्या जागेवर तंत्रशिक्षण संस्था निघाली आणि १९९१ मध्ये तिचं एनटीयू झालं. २००० मध्ये अमेरिकेतल्या व्हार्टन स्कूलच्या सहकार्यानं एसएमयू सुरू झालं. शहरातल्या आजच्या इमारतीत जाण्याआधी काही वर्षं त्याचे वर्ग बुकिट तिमाच्या त्याच जुन्या आवारात भरत, जिथं १९२८ मध्ये रॅफल्स कॉलेज होतं. जिथं एके काळी व्यापाराची पदवीच नव्हती, तिथं आता व्यापाराचंच विद्यापीठ नांदत होतं.

या सगळ्याचं आपल्या गावाशी नातं काय, असं तुम्ही म्हणाल. उरण तालुक्याकडं बघा. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. तिथलं चौथं कंटेनर टर्मिनल चालवते पीएसए, म्हणजे आपल्या सिंगापूरचीच बंदर कंपनी. २०१८ मध्ये त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. पण त्याच उरण तालुक्यात जानेवारी १९८४ मध्ये जमीन संपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं होतं आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला होता. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा भूमिपुत्रांना देण्याची योजना त्या लढ्यातून आली. बंदराच्या नफ्यात जमीन देणाऱ्याचा वाटा किती, हा तिथला प्रश्न बाबासाहेबांच्या प्रश्नाच्याच जातीचा होता.

तर मंडळी, तुमच्या घरात हा विषय निघाला असेल, तर 'कॉमर्स दुसऱ्या रांगेचं' हे वाक्य आधी सोडून द्या. या पदवीसाठी दोन्ही बंदरांत लोकांनी पैसा दिला, अपमान गिळले, वर्षानुवर्षं वाट पाहिली. कारकुनाच्या खुर्चीतून उठून निर्णयाच्या टेबलाशी बसण्याचा तो रस्ता होता.

आणि मग मुलांबरोबर बसून अभ्यासक्रम नीट वाचा. बाजारपेठ कशी मिळवायची, हे सगळीकडंच शिकवतात. चलन, व्यापारी कायदा आणि कामगारांचे प्रश्न नीट शिकवतात का? एखादं सत्र परदेशात काढायची सोय असेल, तर त्या देशाची भाषा आणि इतिहास शिकायला मिळतो का? सौदा झाल्यावर कोणाला काय मिळालं आणि कोणाचं काय गेलं, हा प्रश्न वर्गात कुणी विचारतं का?

वर्गात विचारत नसतील, तर घरी विचारा. त्यासाठी साहित्य आपल्या हातातच आहे. घरी पैसे पाठवण्याआधी आपण सगळेच फोनवर भाव बघतो. रुपया घसरला की आपल्या त्याच डॉलरचे जास्त रुपये होतात, आणि खरं सांगायचं तर आपल्याला बरं वाटतं. पण त्याच घसरणीनं भारतात येणारं खनिज तेल महागतं, ट्रकचं भाडं वाढतं आणि भाजीही महाग होते. म्हणजे वर सांगितलेल्या हिशोबात आपण निर्यातदाराच्या बाजूला उभे आहोत. पुढच्या वेळी पैसे पाठवाल तेव्हा मुलीला शेजारी बसवा आणि हा हिशोब तिच्याकडून मांडून घ्या. आपल्याला मिळालेले जास्तीचे रुपये कोणाच्या वाट्यातून आले, हे तिलाच शोधू द्या.

तिनं काय उत्तर काढलं, ते आम्हाला जरूर कळवा.