वस्तरा, पाते आणि गावची दाढी

गावगाड्याच्या इतिहासात नांगर, मोट, जाते, घाणा यांना जागा मिळाली. दाढीच्या सामानाला ती अजून मिळालेली नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त इतर बलुतेदारांबरोबर न्हावीही येतो. पण घरच्या कोनाड्यात आलेल्या एका छोट्या यंत्राने त्याच्या धोकटीची मक्तेदारी कशी मोडली, ही गोष्ट त्यानंतरची आहे. ती कागदांपेक्षा वस्तूंमध्ये अधिक सापडते.

आमचे राजुरी कल्याण-नगर रस्त्यावरचे गाव. माळशेज घाट उतरला की कल्याण, आणि पुढे मुंबई. जुन्नर तालुक्यातल्या घरोघरचा एखादा माणूस या वाटेने नोकरीधंद्याला गेला. राजुरी, आळे, बेल्हे या पट्ट्यातून मी जमवलेले जुने सेफ्टी रेझर बहुतेक याच वाटेने परत आलेले आहेत. काही पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतले, पण माझ्या लेखी मोल गावातल्या नगांना अधिक, कारण त्यांच्याबरोबर घराची हकिगत येते.

आधी धोकटीकडे पाहू. वस्तरा, कातर, चिमटा, नराणी, सहाण, चामड्याचा पट्टा, पाण्याची वाटी आणि आरसा, एवढा संसार त्या पिशवीत असे. मोबदला सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. वस्तरा सहाणेवर लावणे, पट्ट्यावर परजणे आणि दुसऱ्याच्या गळ्यावरून सफाईने फिरवणे हे वर्षानुवर्षांचे कसब होते. संत सेना महाराजांनी याच आरशा-चिमट्याला अध्यात्माचा अर्थ दिला, यावरून त्या हत्यारांची प्रतिष्ठा कळावी.

परंतु वस्तरा कोणाला लागेल आणि कोणाला लागणार नाही, हे कसबावर ठरत नसे, जातीवर ठरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात साताऱ्याच्या बालपणाची आठवण नोंदवली आहे. साताऱ्यात न्हावी होते आणि घरात पैसेही होते. तरीही अस्पृश्याची हजामत करायला कोणी तयार नसल्याने भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण कापीत असे. यात न्हाव्यालाच दोषी धरणे सोपे आहे, पण तो पूर्ण न्याय नव्हे. बलुत्यावर जगणाऱ्याने गावाची रीत मोडली तर त्याचेच दाणे बंद होण्याची भीती असे.

हाच वस्तरा एकदा अन्यायाविरुद्धही थांबला होता. १८९० साली मुंबईत सत्यशोधक कार्यकर्ते आणि कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. म्हणजे वस्तऱ्याचा नकार ही गावगाड्यात मोठी शक्ती होती. ती कोणाच्या बाजूने वापरली जाते, एवढाच प्रश्न होता.

अशा समाजात सेफ्टी रेझर आला. पात्याभोवती संरक्षक कडा असलेले रेझर अमेरिकेत १८८० च्या दशकातच निघाले होते, पण त्यांचे पाते वस्तऱ्यासारखेच पुन्हा पुन्हा धार लावून वापरावे लागे. किंग कॅम्प जिलेट याने पातळ पोलादाचे, दोन्ही कडांना धार असलेले आणि बोथट झाले की टाकून द्यायचे पाते योजले. इतक्या पातळ पत्र्याला पाणी देऊन धार लावण्याचे तंत्र विल्यम निकरसन याने बसवले. पेटंटचा अर्ज १९०१ चा, मंजुरी १९०४ ची. १९०३ मध्ये अवघे ५१ रेझर खपले आणि पुढच्याच वर्षी खप ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले, तेव्हा स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय एका पिढीला लागली.

जुना नग हाती आला की वय कसे ओळखावे? प्रथम डोके पाहावे. जुन्या घडणीत पात्याला तीन गोल भोके असत आणि रेझरच्या टोपणाला त्यांत बसणारे खुंट. १९३० च्या सुमारास पात्याला मधोमध लांब खाच आली. आजचे दुधारी पाते मात्र दोन्ही घडणींना बसते. शंभर वर्षांपूर्वीचे यंत्र आजच्या पात्यावर चालावे, असे दुसरे उदाहरण घरात शोधून पाहा! पन्नाशीच्या दशकापासूनच्या जिलेटवर इंग्रजी अक्षर आणि आकडा कोरलेला असतो. अक्षर सालाचे, आकडा तिमाहीचा. ‘झेड’ म्हणजे १९५४, ‘ए’ म्हणजे १९५५.

आतला धातू बहुधा पितळ, वर निकेलचा मुलामा. पितळ दिसले म्हणून चिंच किंवा राख लावू नये, मुलामा जातो. कोमट पाणी, साबण आणि जुना दातांचा ब्रश पुरेसा आहे. हे रेझर मी वापरतोही. दाढी कोमट पाण्याने भिजवावी, ब्रशने फेस करावा, रेझर गालाशी साधारण ३० अंशांत धरावा आणि दाब देऊ नये. रेझरचे वजनच काम करते. वस्तऱ्याला लागणारे कसब कारागिराने डोक्याच्या वक्राकारात आधीच भरून ठेवले आहे, हे हातानेच कळते.

स्वातंत्र्यानंतर देशी पाती आली. टोपाझ, पनामा, भारत ही नावे माझ्या पिढीला पाठ आहेत. दाढी झाली तरी पात्याचे आयुष्य संपत नसे. अर्धे पाते पेन्सिलीला टोक काढायला दप्तरात जाई, अर्धे शिवणाच्या डब्यात. बाळंतपणात नाळ कापायलाही पातेच लागे. वापरलेल्या पात्याने धनुर्वाताचा धोका असे, म्हणूनच सुईणींच्या संचात साबण आणि दोऱ्याबरोबर कोरे पाते आले.

१९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने दुकानाच्या व्याख्येत केशकर्तनालयही घेतले आणि तिथे अस्पृश्यतेवरून मज्जाव करणे हा गुन्हा ठरला. कायदा गावात पोचायला वेळ लागला. आमच्या भागातल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला त्यांच्या वडिलांचा रेझर दाखवला, पण दिला नाही. “गावात आमची दाढी होत नव्हती, तेव्हा मुंबईहून हा आणला,” एवढेच ते म्हणाले. बाजारात त्या नगाला फार किंमत येणार नाही. माझ्या यादीत मात्र तो पहिल्या क्रमांकावर आहे.

पुढे पाते धोकटीतही शिरले. एचआयव्हीची भीती पसरल्यावर गिऱ्हाइके दुकानात नवे ब्लेड मागू लागली. आज कारागीर दुधारी पाते मधोमध मोडून अर्धे वस्तऱ्याच्या आकाराच्या दांड्यात बसवतो. सहाण आणि पट्टा अडगळीत गेले, हाताचे कसब राहिले.

दिवाळीच्या साफसफाईत असा रेझर सापडला तर भंगारात घालण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना तीन गोष्टी विचारा: कोणी आणला, कुठून आणला आणि त्याआधी घरातल्या पुरुषांची दाढी कोण करीत असे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवा. रेझर पुसून पुन्हा मिळेल, ते उत्तर सांगणारी माणसे आता थोडी राहिली आहेत.